नळीतलं दव

जळगावच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. माझं नाव सिंधू. पण पहिल्या दोन-चार वर्षांतच मुलांनी मला अक्का करून टाकलं आणि पुढे प्राचार्यसुद्धा अक्काच म्हणू लागले. लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय काम? सांगायचं तर, दुसऱ्याच्या प्रयोगाची तयारी करायची आणि प्रयोग झाला की त्याच्या खुणा पुसायच्या. द्रावणं करून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, ब्युरेट गळत असेल तर तिची तोटी काढून ग्रीस लावायचं आणि काच धुवायची. मुख्य म्हणजे काच धुवायची.

काच स्वच्छ झाली की नाही हे ओळखायची एक साधी रीत आहे. धुतल्यावर पाणी तिच्यावरून सलग, पडद्यासारखं उतरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन थांबलं तर ती अजून तेलकट आहे. नव्या मुलींना हे दाखवताना माझ्या आवाजात थोडा तोरा यायचा, हे कबूल करते. अक्कांनी धुतलेली नळी परत तपासायची नसते, असं विभागात सगळे धरून चालायचे. मीही.

शुभांगी आमच्याकडे पीएच.डी. करायला आली तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. सावद्याची, केळीवाल्यांच्या घरातली. पिंप्राळ्यात आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायची, म्हणून सकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून यायची. बोलणं कमी. उतरल्यावर मात्र रोज न चुकता म्हणायची, "थँक्यू अक्का." मी म्हणायचे, "अगं, मी काय वेगळ्या गावाला चालले होते का?"

पहिल्याच आठवड्यात तिनं मला एक गंमत दाखवली. एका चंचुपात्रात तिनं दोन पांढऱ्या पावडरी घेतल्या. एक युरिया, जो आमच्याकडे शेताशेतात गोण्यांनी पडतो. दुसरी कोलीन क्लोराइड, ती कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. पाणी नाही, स्पिरिट नाही, काही नाही. नुसतं ऐंशी अंशांवर ठेवून ढवळत राहिली. तासाभरात पांढरी पावडर ओलसर झाली, मग लापशीसारखी, आणि शेवटी काचेसारखा स्वच्छ रस झाला. गार झाला तरी रसच राहिला.

"हे परत घट्ट नाही होणार?" मी विचारलं.

"नाही अक्का. एकटा युरिया पाण्याच्या उकळीपेक्षाही जास्त तापवल्याशिवाय वितळत नाही. दुसरी पावडर तर त्याहून हट्टी. पण ठरलेल्या प्रमाणात एकत्र आले की एकमेकांना असे धरून बसतात की आपापल्या स्फटिकात परत जाणं त्यांना जमत नाही."

याला डीप युटेक्टिक सॉल्व्हंट म्हणतात. वास नाही, पेट घेत नाही, हाताला त्रास नाही. तिला त्यातून केळीच्या खोडाचं काहीतरी करायचं होतं. घड उतरवला की खोड बांधावर फेकलं जातं. त्यातला चिकट भाग या रसात विरघळवून धागा मोकळा करता येईल का, हा तिचा प्रश्न. अडचण एकच, हा रस मधासारखा दाट. खोडात शिरणार कसा? पातळ करायचे दोन मार्ग. एक, तापवायचा. दुसरा, त्यात थोडं पाणी किंवा अल्कोहोल घालायचं. त्याला सहद्रावक म्हणतात. पण पाणी जास्त झालं तर त्या दोघांनी एकमेकांना धरलेले हात सुटतात आणि उरतं नुसतं युरियाचं पाणी. तेव्हा किती तापवायचं आणि किती पाणी घालायचं, हे आधी मोजून काढायला हवं. तिची पहिली दोन वर्षं या मोजमापासाठी होती.

मोजायची तऱ्हा जुनीच. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी असते, व्हिस्कोमीटर. तिच्यात रस भरायचा, नळी ठरावीक तापमानाच्या पाण्यात उभी धरायची, रस वर ओढून सोडून द्यायचा आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. दाट असेल तर जास्त वेळ. मग नळी रिकामी करून धुवायची, वाळवायची, पुढचा नमुना भरायचा. दिवसातून सात-आठ वेळा.

तिनं सुरुवातीलाच मला सांगितलं होतं, "अक्का, ही नळी धुतल्यावर ओव्हनमध्ये साठ अंशांवर तीन तास ठेवायची. हा रस पाण्याचा फार भुकेला आहे."

मी हो म्हटलं, आणि थोडे दिवस केलंही. पण ओव्हन एकच, त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांची भांडी. शिवाय मोजायची काच भट्टीत घालायची नसते, असं मला माझ्या आधीच्या सहायकांनी शिकवलेलं. माझी स्वतःची रीत होती. शेवटी आतून ॲसिटोन फिरवायचा आणि रबरी फुग्यानं हवा मारायची. ॲसिटोन भर्रकन उडून जातो आणि पंधरा मिनिटांत नळी कोरडी दिसते. एवढी वर्षं तसंच केलं होतं आणि कुणाचा प्रयोग बिघडला नव्हता. म्हणून मी परत त्या रीतीवर आले. शुभांगीला सांगितलं नाही. कालची पोर मला काच वाळवायला शिकवणार, असं मनात आलं होतं. ते वाक्य मी तोंडानं कधी बोलले नाही, पण आलं होतं.

हिवाळा आणि उन्हाळा चांगला गेला. तिचे आकडे कागदावर एका ओळीत बसायचे. चाळीस अंशांवर रस पंचवीस अंशांच्या जेमतेम पाव वेळात उतरायचा, हे पाहून तिला प्रत्येक वेळी आनंद व्हायचा. मेमध्ये उलटीच पंचाईत, खोलीच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर. पाणी तापवायचं यंत्र होतं, गार करायचं नव्हतं. मग आम्ही सकाळी सहाला जायचो आणि मी घरून डब्यात बर्फ नेऊन पाण्यात सोडायचे.

जुलैत बिघडलं. तोच रस, तेच तापमान, पण वेळ कमी भरायला लागला, आणि रोज वेगळा. तिनं पावडरी नव्यानं वाळवल्या, घड्याळ बदललं, तराजू तपासून घेतला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. तोवर तिनं पाणी घातलेल्या, मिथेनॉल घातलेल्या सगळ्या मिश्रणांची मोजणी पुरी करून एक लेख धाडला होता. तो परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं की सुरुवातीच्या, निव्वळ रसाच्या आकड्यांचाच एकमेकांशी मेळ नाही. पुढचं काय वाचायचं?

सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, तिला बोलावून घेतलं. मी शेजारच्या टेबलावर बाटल्या लावत होते. सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही घाई होती. धुळ्याच्या एका कॉलेजात पुढच्या वर्षी जागा निघणार होती आणि शुभांगीचा प्रबंध त्याआधी जावा, असं त्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "रेषेबाहेर जाणारे बिंदू सोडून दे. सगळेच सोडतात."

"पण सर, अर्धे सोडावे लागतील."

"मग अर्धे सोड. तुझा हात स्थिर नसेल त्या दिवशी, असं समज."

ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे करून बघत होती. "अक्का, माझ्या हातातच काही नाही बहुतेक. मी सावद्याच्या शाळेत शिकवायला जाते. तिथे जागा आहे."

मी म्हटलं, "चहा घे आधी."

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. पोरीचा फोनवरचा आवाज ऐकून निघाले असावेत. सगळे त्यांना आबा म्हणत. टोपी हातात घेऊन ते प्रयोगशाळेच्या दाराशी थांबले, कारण आत चपला चालतात की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. बरोबर केळी होती, अख्ख्या विभागाला पुरतील एवढी. शुभांगीनं त्यांना रस दाखवला, कशाचा केला ते सांगितलं. आबांनी बाटली उजेडात धरून तिरपी केली आणि रस हळूहळू सरकताना बघत राहिले.

"युरिया हाये का हा? मंग पावसायात याचं काम कठीन हाये बाई. गोनी उघडी राह्यली का तिले पानी सुटते. वरून थेंब पडाले नाही लागत. हवेतूनच घेते ते."

शुभांगी म्हणाली, "म्हणून तर आम्ही बाटली बंद ठेवतो आबा. सगळं कोरडं ठेवतो."

"सगळं?" आबा म्हणाले. त्यांनी काही संशयानं विचारलं नव्हतं, सहज विचारलं होतं. पण माझ्या हातात त्या क्षणी नुकतीच ॲसिटोन फिरवलेली नळी होती आणि ती गार होती. नेहमीच गार लागते. ॲसिटोन उडताना काचेतली ऊब घेऊन जातो. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता, खिडकी उघडी होती. नळीच्या बाहेरच्या अंगावर बारीक दव धरलं होतं. मी बोट फिरवलं, बोट ओलं झालं.

बाहेरून दव धरत असेल तर आतून का नाही? आणि आत तर मी स्वतः फुगा दाबून दाबून ही दमट हवा भरत होते.

ही गार काच मी कितीतरी वर्षं रोज हातात धरली होती. पावसाळ्यात तिच्यावर दव धरतं हेही पाहिलं होतं आणि फडक्यानं पुसलं होतं. आमच्याकडे पूर्वी सगळे प्रयोग पाण्यातले. त्यात आणखी थोडं दव मिसळलं तर कुणाला कळणार? या रसाला कळत होतं.

मी नळी जागेवर ठेवली. आबांना बसस्टँडपर्यंत स्कूटीवर सोडून आले. ते उतरताना म्हणाले, "पोरगी घरी आली तरी मले चालते. पन रडत येऊ नये."

शनिवारी दुपारी विभाग रिकामा असतो. मी दोन नळ्या घेतल्या. एक ओव्हनमध्ये वाळवली, एक माझ्या रीतीनं. एकाच बाटलीतला रस दोन्हींत भरला, दोन्ही एकाच पाण्यात उभ्या केल्या आणि घड्याळ हातात घेतलं. आयुष्यात मी हजारो प्रयोग मांडून दिले असतील, स्वतःचा म्हणून हा पहिला. माझ्या नळीतला रस आधी खाली आला. थोडाथोडका नाही, चांगला आधी. मला वाटलं, नळ्यांतच फरक असेल. मग परत केलं, आणि खात्री होईपर्यंत करत राहिले. शेवटी वहीचं एक पान फाडून त्यावर आकडे लिहिले आणि पर्समध्ये ठेवले.

माझे यजमान दीपनगरच्या वीज केंद्रात होते, बॉयलरच्या पाण्याच्या तपासणीत. त्यांचा जन्म आकडे नोंदवण्यात गेला. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मी त्यांच्यापुढे ते पान ठेवलं आणि सगळं सांगितलं. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"तिले सांगं का?" त्यांनी विचारलं.

"नही अजून."

"आमना प्लँटमा रीडिंग चुकनं ते खोडेत नही. बाजूले लाल शाईमा लिखेत, काय चुकनं आनि कोनं चुकाडं." त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं. "सांगी टाक. बठ्ठं सांगी टाक." बठ्ठं, म्हणजे सगळं.

"ती मना तोंड बी देखाव नही मंग."

"नही देखाव ते नही देखाव," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या कपात आपला अर्धा चहा ओतला.

सोमवारी मी शुभांगीला काही न सांगता दोन्ही नळ्या लावून ठेवल्या आणि घड्याळ तिच्या हातात दिलं. तिनं वेळा घेतल्या, परत घेतल्या. तिचा चेहरा उजळला; फरक तिच्या हातात नव्हता, नळीत होता. "अक्का, ही दुसरी कशी वाळवली आहे?"

"जशी रोज वाळवते तशी."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मी तिला ॲसिटोन, फुगा, दव, सगळं क्रमानं सांगितलं. ओव्हनचं तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. कारण विचारशील तर तेही सांगते, म्हटलं. तिनं विचारलं नाही. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली.

त्यानंतर नऊ दिवस ती माझ्या स्कूटीवर बसली नाही. रिक्षानं यायची. मी रोज तिच्या गल्लीच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबून निघायचे. या दिवसांत मी सरांनाही सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अक्का, मी तिला हात स्थिर नाही म्हणालो होतो." दुसऱ्या दिवशी विभागासाठी दुसरा ओव्हन मागवायचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला.

दहाव्या दिवशी शुभांगी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मागे बसली. गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "मला फार राग आला होता."

"येणारच."

"अजून आहे."

"असू दे."

मग कॉलेजच्या फाटकाजवळ आल्यावर म्हणाली, "पावसाळ्यातलं सगळं परत करायचं. पण या वेळी कोरड्या रसात पाणी आपण मोजून घालू. अगदी थेंबाथेंबानं. दवानं जेवढं केलं, तेवढं करायला किती पाणी लागतं ते मला बघायचं आहे."

एक पूर्ण वर्ष गेलं त्यात. पाण्याचा पहिला थेंब किती मोठा फरक करतो आणि पुढचे थेंब कसे कमी कमी करत जातात, हे तिनं वेगवेगळ्या तापमानांना मोजलं. गार रसात एक थेंब पडला तर फार बदल. तापलेला रस आधीच सैल असतो, त्याला त्या थेंबाचं तेवढं काही वाटत नाही. मिथेनॉलचं वागणं वेगळं, ग्लिसरीनचं आणखी वेगळं. प्रत्येक नळी मी ओव्हनमधून काढून गरम असतानाच बूच लावून तिच्या हातात द्यायचे. ती घेताना एकदाही तपासायची नाही. ते मला रागावण्यापेक्षा जड जायचं.

धुळ्याच्या जागेची मुलाखत त्याच वर्षी झाली. प्रबंध तयार नव्हता, म्हणून तिला बोलावणं आलं नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढे दोन वर्षांनी तिला धुळ्यातच दुसरीकडे नोकरी लागली, आज ती तिथे शिकवते, आणि केळीच्या खोडावरचं कामही तिनं पुढे नेलं आहे. सगळं नीट झालं असं लोक म्हणतात. पण मधली दोन वर्षं ती तासांवर शिकवत एसटीनं गावोगाव फिरत होती, ती वर्षं माझ्यामुळे गेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. एकदा ती घरी आली असताना पोहे करता करता मी विषय काढला, तर म्हणाली, "अक्का, पोह्यांत लिंबू पिळा ना."

तिची अंतिम मौखिक परीक्षा झाली तेव्हा माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. ही परीक्षा सगळ्यांसमोर होते. बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते, बारीक आवाजाचे, पण प्रश्न टोकदार. आबा पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसले होते. मी मागे चहाच्या टेबलापाशी उभी.

शुभांगीनं पाण्याच्या थेंबांचं प्रकरण मांडलं तेव्हा परीक्षकांनी तिला थांबवलं. "एवढ्या कमी पाण्याकडे तुमचं लक्ष कसं गेलं? सहसा कुणी इतक्या खाली मोजत नाही."

तिनं चहाच्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या विभागातल्या अक्कांनी शोधून काढलं सर. पावसाळ्यात नळीच्या आत दव धरतं, हे त्यांच्या लक्षात आलं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ती खोटं बोलली नव्हती. माझ्यासाठी तिनं फक्त अर्धं सांगितलं होतं.

मी म्हणाले, "सर, ते दव माझ्यामुळेच धरत होतं. हिनं मला ओव्हनमध्ये वाळवायला सांगितलं होतं, मी ॲसिटोननं वाळवत होते. हिचे एका पावसाळ्याचे आकडे त्यात गेले. आधी चूक माझी, मग शोध."

टाळ्या थांबल्या. सरांनी खाली पाहिलं. आबा माझ्याकडे बघत होते. आपण ते 'सगळं?' विचारलं होतं, हे त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि खुर्ची माझ्या दिशेनं वळवली.

"कोणत्या तापमानाला पाहिलंत?"

"पस्तीस अंशांना, सर."

"किती वेळा?"

"सहा वेळा. तीन वेळा तसं, आणि तीन वेळा नळ्या अदलाबदल करून. नळीतच फरक असेल तर कळावा म्हणून."

त्यांनी पेन उचललं. "आकडे सांगा."

मी पर्स उघडून ते पान काढलं आणि एकेक आकडा वाचत गेले. ते लिहून घेत होते. एकतीस वर्षांत मला कुणी आकडे विचारले नव्हते. शुभांगी पडद्याजवळ उभी होती. परीक्षकांनी तिला हातानं बसायची खूण केली, पण माझं वाचून होईपर्यंत ती बसली नाही.